बुशला हरवेल असा माणूस : आयोवा, जानेवारी २००४

१९ जानेवारी २००४, सोमवार, संध्याकाळचे साडेसहा. आयोवा राज्यात जवळजवळ दोन हजार ठिकाणी, शाळांच्या जिममध्ये, चर्चच्या तळघरांत, गावच्या वाचनालयांत, डेमोक्रॅटिक पक्षाचे लोक जाड कोट सांभाळत जमले होते. इथे मतपेटी नव्हती आणि गुप्त मतदानही नव्हतं. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, एवढंच मतदान. कोपऱ्यातल्या डोक्यांची मोजणी व्हायची आणि ज्याच्याकडे हजर लोकांपैकी १५ टक्केही नसतील तो बहुतेक ठिकाणी बाद. मग त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांना ओढायला बाकीचे यायचे. त्यात शेजारी असायचा, मुलांचा शिक्षक असायचा, बँकेतली बाई असायची. या पद्धतीला ‘कॉकस’ म्हणतात, आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याची पहिली फेरी तेव्हा इथेच व्हायची.

त्या वर्षी या कोपऱ्यांमध्ये एक प्रश्न सगळीकडे फिरत होता, ‘बुशला, म्हणजे पदावर असलेल्या रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाला, कोण हरवेल?’ आपल्याला कोण आवडतो हा प्रश्न त्याच्या मागे पडला होता. हॉवर्ड डीन आणि जॉन केरी हे त्यातले दोन उमेदवार, आणि केरींच्या समर्थकांची एक घोषणा तेव्हा बिल्ल्यांवर आणि गाड्यांवर झळकत होती. तिचा मराठीत अर्थ साधारण असा : डीनबरोबर फिरलो, लग्न मात्र केरीशी केलं. म्हणजे मन एकीकडे आणि अक्षता दुसरीकडे. हे प्रकरण अभ्यासायला घ्यायचं कारणही तेच. अख्ख्या पक्षाने आपली आवड बाजूला ठेवून ‘निवडून येईल तो’ हुडकला, पुरेशा उत्साहाने हुडकला, आणि तो पडला.

आपल्याकडे याला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात. तिकीटवाटपाच्या दिवसांत हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रोज दिसतो आणि त्याचा खरा अर्थ प्रत्येक नाराज इच्छुकाला पाठ असतो. फरक इतकाच, की आपल्याकडे हा हिशेब पक्षाचे चार नेते बंद खोलीत करतात. अमेरिकेत तो लाखो साध्या मतदारांवर पडतो, आणि त्यांच्याकडे ना सर्व्हे, ना बूथनिहाय आकडे. त्यांच्याकडे असतो टीव्ही आणि ‘लोकांना काय आवडेल’ याचा अंदाज.

लढत कशी होती ते आधी सांगतो. २००३ च्या उन्हाळ्यापासून हॉवर्ड डीन पुढे होते. व्हरमाँट या चिमुकल्या राज्याचे माजी गव्हर्नर, पेशाने डॉक्टर, आणि इराक युद्धाला पहिल्यापासून विरोध करणारे. तोंडाने फटकळ. पैसा इंटरनेटवरून, छोट्या छोट्या देणग्यांतून इतका आला, की २००३ च्या तिसऱ्या तिमाहीत जवळपास दीड कोटी डॉलर जमले. अमेरिकेच्या राजकारणात हे नवंच होतं. डिसेंबरमध्ये माजी उपाध्यक्ष अल गोर यांनीही पाठिंबा जाहीर केला. वर्तमानपत्रांनी डीन यांना बाशिंग बांधूनच टाकलं होतं.

मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर केरी तेव्हा देशभराच्या चाचण्यांत एक आकडी संख्येवर लोंबकळत होते. नोव्हेंबरमध्ये त्यांनी प्रचारप्रमुखाला काढलं. डिसेंबरमध्ये बॉस्टनमधलं घर गहाण टाकून प्रचाराला ६४ लाख डॉलर उभे केले. घर गहाण टाकून निवडणूक लढवणारा माणूस म्हटला की आपल्याकडे गावाचा सरपंच डोळ्यांसमोर येतो, पण वेळ सगळ्यांवर येते.

आणि मग सहा आठवड्यांत पट उलटला. आयोवाचा निकाल : केरी ३८ टक्के, जॉन एडवर्ड्‌स ३२, डीन १८, डिक गेपहार्ट ११. याच आयोवात १९८८ साली गेपहार्ट जिंकले होते. या वेळी दुसऱ्याच दिवशी ते मैदानातून गेले.

डीन का पडले, याचं उत्तर पुष्कळांच्या लेखी त्या रात्रीची ती आरोळी. पराभवानंतर कार्यकर्त्यांना चेतवताना डीन यांनी पुढच्या राज्यांची नावं घेत घेत एक किंकाळी फोडली आणि वाहिन्यांनी ती पुढचे काही दिवस शेकडो वेळा दाखवली. त्यांच्या हातातला माइक आजूबाजूचा गोंगाट गाळणारा होता, त्यामुळे सभागृहात जो आवाज गर्दीत विरून गेला तो टीव्हीवर एकट्या माणसाचं वेड वाटला. पण क्रम नीट पाहा. आरोळी पराभवानंतरची आहे. कोपऱ्यांतली डोकी तोवर मोजून झाली होती. कारण आधीच घडलं होतं.

गेपहार्ट आणि डीन एकमेकांवर जाहिरातींतून तुटून पडले आणि दोघेही रक्तबंबाळ झाले, हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण १३ डिसेंबरचं. सद्दाम हुसेन पकडला गेला. दोनच दिवसांनी डीन म्हणाले, की या अटकेने अमेरिका काही अधिक सुरक्षित झालेली नाही. आज मागे वळून पाहताना हे वाक्य कुणालाही खटकणार नाही. त्या आठवड्यात मात्र डेमोक्रॅटिक मतदाराच्या पोटात गोळा आला. त्याला स्वतःला ते वाक्य पटलं असेलही. धास्ती ही, की ‘ओहायोतल्या माणसाला’, म्हणजे दोन्ही पक्षांकडे झुकू शकणाऱ्या राज्यातल्या मतदाराला, हे कसं वाटेल.

हा ‘ओहायोतला माणूस’ या प्रकरणातलं मुख्य पात्र आहे. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. तो मध्यमवयीन, गोरा, सैन्याचा आदर करणारा, फार डावं काही न खपवून घेणारा असा, प्रत्येकाने आपल्या मनात रंगवलेला होता. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी शेअरबाजारासाठी एक दाखला दिला होता : वर्तमानपत्रातली सौंदर्यस्पर्धा, जिच्यात बक्षीस सगळ्यात सुंदर चेहरा ओळखणाऱ्याला नसून बहुतेकांना जो चेहरा सुंदर वाटेल तो ओळखणाऱ्याला असतं. मग कुणीच चेहऱ्याकडे बघत नाही, सगळे एकमेकांकडे बघतात. जानेवारी २००४ मध्ये आयोवात नेमकं हेच चाललं होतं. तिथले बहुसंख्य डेमोक्रॅट इराक युद्धाच्या विरोधात होते. तरी त्यांनी आरंभापासून युद्धाला विरोध करणाऱ्याला सोडलं आणि ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये युद्धाच्या अधिकाराच्या बाजूने मत देणाऱ्याला निवडलं.

मग केरींमध्ये त्यांनी काय पाहिलं? सरळ सांगायचं तर बायोडाटा. आपल्याकडे स्थळ बघताना जसं, तसं. व्हिएतनाममध्ये लढलेला, सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार, तीन पर्पल हार्ट. सिनेटमध्ये १९ वर्षं. उंचापुरा, गंभीर, फोटोत राष्ट्राध्यक्ष वाटेल असा. समोर बुश, ज्यांनी व्हिएतनामचा काळ मायदेशीच, टेक्सासच्या एअर नॅशनल गार्डमध्ये काढला होता. ११ सप्टेंबरनंतरची पहिलीच राष्ट्राध्यक्षीय निवडणूक. ‘डेमोक्रॅट देशाच्या संरक्षणात कच्चे’ हा आरोप येणार हे नक्की होतं, आणि त्यावर पदकं हे तयार उत्तर होतं.

पदकांना चेहराही मिळाला. कॉकसच्या दोनच दिवस आधी, १७ जानेवारीला, जिम रासमन नावाचा एक निवृत्त पोलिस अधिकारी आयोवाची राजधानी डे मॉइनमध्ये केरींना भेटायला आला. मार्च १९६९ मध्ये मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात, एका नदीत, स्फोटामुळे तो बोटीवरून पाण्यात फेकला गेला होता. दोन्ही काठांवरून गोळ्या येत असताना केरींनी, त्यांचा हात जखमी होता, त्याला वर ओढून घेतलं. त्यानंतर पस्तीस वर्षांनी दोघं समोरासमोर आले आणि कॅमेऱ्यांसमोर एकमेकांच्या गळ्यात पडले. वर रासमन रिपब्लिकन पक्षाचा नोंदणीकृत मतदार. याहून चांगला पुरावा कुठला? ‘बघा, समोरच्या पक्षाचा माणूससुद्धा केरीसाठी येतो!’ आयोवातल्या काठावरच्या मतदाराला जो ओहायोतला माणूस मनात दिसत होता, तो जणू सदेह दारात येऊन उभा राहिला.

इथे मला थांबून एक गोष्ट नोंदवायची आहे, कारण ती या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी जाते. डीन यांच्याबद्दलची भीती एका नावात सांगितली जायची, ते नाव जॉर्ज मॅकगव्हर्न. १९७२ साली युद्धविरोधी मॅकगव्हर्नना पक्षाने उभं केलं आणि ते मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन सोडून सगळीकडे हरले. दुधाने तोंड पोळलं होतं, ताक फुंकणं साहजिक. पण मॅकगव्हर्न स्वतः कोण होते? दुसऱ्या महायुद्धातले बॉम्बर वैमानिक, ३५ मोहिमा उडवलेले, डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉसचे मानकरी. म्हणजे जी दुर्घटना टाळण्यासाठी शूर सैनिक हवा होता, ती दुर्घटना शूर सैनिकाच्याच वाट्याला आलेली होती. हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण आठवायला कोणाला हवं होतं?

दुसरी आठवण तितकीच सोयीने विसरली गेली. १९८८ साली पक्षाने मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांना उभं केलं. अभ्यासू, संयत, जबाबदार. बुश यांच्या वडिलांनी त्यांना ‘मॅसॅच्युसेट्सचा लिबरल’ म्हणून झोडपून काढलं. केरी कधीकाळी याच डुकाकिस यांचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. रिपब्लिकनांना नवी जाहिरात लिहायचे कष्टही नव्हते, जुनीच झाडून पुसून वापरता आली असती. त्यात नोव्हेंबर २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या बाजूने निकाल दिला होता. त्याचे पडसाद पुढच्या नोव्हेंबरमध्ये उठणार होते.

आणि ‘सामान्य माणसाशी जुळेल का’ या मुद्द्यावर तर इशारा आधीच मिळाला होता. ऑगस्ट २००३ मध्ये केरी फिलाडेल्फियाला गेले आणि तिथल्या प्रसिद्ध चीजस्टेक सँडविचवर त्यांनी स्विस चीज मागितलं. फिलाडेल्फियात त्यावर बाटलीबंद, पिवळं, पातळ चीज घालतात. कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासमोर बसून ‘थोडं क्लिअर सूप मिळेल का?’ असं विचारण्यातला हा प्रकार. गोष्ट क्षुल्लक आहे, मान्य. पण निवडून येण्याचा अंदाज बांधणारे लोक पदकं मोजत होते आणि हे सोडून देत होते.

आयोवानंतर २७ जानेवारीला न्यू हॅम्पशायर. तिथेही केरी ३८ टक्के, डीन २६. ज्यांनी ‘बुशला हरवू शकेल’ हा गुण सर्वांत महत्त्वाचा मानला त्यांच्यात केरींना निम्म्याहून जास्त मतं. इथून पुढे अंदाजच पुरावा बनला. केरी जिंकतायत म्हणजे ते जिंकणारे आहेत, आणि ते जिंकणारे आहेत म्हणून त्यांना मत द्यायचं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काही चाचण्यांत केरी बुश यांच्याही पुढे दिसले. झालं, शिक्का बसला. डीन १८ फेब्रुवारीला थांबले. २ मार्चला ‘सुपर ट्यूसडे’, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान; त्यात १० पैकी ९ राज्यं केरींची. दहावं राज्य व्हरमाँट, तिथे घरच्या लोकांनी थांबलेल्या डीन यांनाच मतं दिली.

पक्षाने मुद्दाम वेळापत्रक आखडलं होतं, म्हणजे उमेदवार लवकर ठरेल आणि आपसात रक्त सांडणार नाही. शहाणपणाचा विचार वाटतो. पण त्याचा परिणाम असा, की आयोवापासून उमेदवारी खिशात पडेपर्यंत केरींवर नीट हल्ला झालाच नाही. प्रतिस्पर्ध्यांना त्यांच्यावर वळायला वेळच मिळाला नाही. पैलवान अंगाने भरलेला होता हे सगळ्यांनी पाहिलं, पण त्याला धोबीपछाड टाकायचा प्रयत्न झाला तर तो सुटतो का, हे कोणी पाहिलं नाही.

ते बुश यांच्या माणसांनी पाहिलं. १६ मार्चला वेस्ट व्हर्जिनियात केरींना इराकसाठीच्या ८७ अब्ज डॉलरच्या निधीबद्दल विचारलं गेलं. त्यांचं उत्तर : विरोधात मत देण्याआधी मी त्या ८७ अब्जांच्या बाजूने मत दिलं होतं. सिनेटच्या कामकाजाच्या दृष्टीने हे खरं आहे. आधीच्या एका वेगळ्या प्रस्तावाला, ज्यात हा खर्च श्रीमंतांची करकपात मागे घेऊन भागवायचा होता, त्यांनी पाठिंबा दिला होता. पण हा खुलासा करायला दोन मिनिटं लागतात आणि ते वाक्य दाखवायला काही सेकंद. ‘इकडून तिकडे उड्या मारणारा’ ही केरींची प्रतिमा त्यांनी स्वतःच्या तोंडाने पुरवली.

जुलैच्या शेवटी पक्षाच्या बॉस्टनमधल्या अधिवेशनात केरींनी सलाम ठोकून सांगितलं, की मी जॉन केरी, कामावर रुजू होतोय. पूर्ण डाव पदकांवर. ५ ऑगस्टला ‘स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रुथ’ या, व्हिएतनाममधल्या गस्ती बोटींवरच्या माजी सैनिकांच्या गटाची पहिली जाहिरात ओहायो, विस्कॉन्सिन आणि वेस्ट व्हर्जिनियात लागली. केरी पदकांबद्दल खोटं बोलले, असा तिचा सूर. नौदलाची कागदपत्रं केरींच्या बाजूने होती, त्यांच्या बोटीवरचे बहुतेक सहकारी त्यांच्या बाजूने होते, खुद्द रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी जाहिरात अप्रामाणिक ठरवली. तरी घाव बसला. कारण आरोपाच्या मागे एक खरी जखम होती : व्हिएतनामहून परतल्यावर एप्रिल १९७१ मध्ये केरींनी सिनेटच्या समितीसमोर युद्धाविरुद्ध साक्ष दिली होती आणि कित्येक माजी सैनिकांनी त्यांना त्यासाठी कधीच माफ केलं नव्हतं. हे सगळं तेहतीस वर्षं नोंदीत पडलेलं होतं. बायोडाटात ‘व्हिएतनाम’ वाचणाऱ्यांनी पान उलटलं नाही, इतकंच.

केरींनी जोरदार उत्तर दिलं ते १९ ऑगस्टला. दोन आठवडे उशीर का? यात आळसापेक्षा हिशेब जास्त होता. अधिवेशनात उमेदवारी स्वीकारली की सरकारी प्रचारनिधीचे सुमारे साडेसात कोटी डॉलर मिळत आणि मग तेवढ्यातच भागवावं लागे. डेमोक्रॅटांचं अधिवेशन जुलैअखेर, रिपब्लिकनांचं सप्टेंबरच्या तोंडावर. तेवढ्याच पैशात केरींना तेरा आठवडे काढायचे होते, बुश यांना आठ. म्हणून ऑगस्टमध्ये मूठ आवळली गेली, आणि नेमक्या त्याच महिन्यात समोरच्याने वार केला.

आणि त्याच ऑगस्टमध्ये, ग्रँड कॅन्यनच्या काठावर, केरींना विचारलं गेलं की आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तरी युद्धाच्या अधिकाराला मत दिलं असतं का. ते हो म्हणाले. माझ्या मते या प्रकरणाची गाठ इथे आहे. आयोवात जे मत केरींना ‘सुरक्षित’ बनवत होतं, त्याच मताने बुश यांच्या सगळ्यात दुबळ्या बाजूवर घाव घालण्याची त्यांची ताकद काढून घेतली होती. इराक बिघडत चाललं होतं आणि विरोधी उमेदवार त्यावर सरळ वाक्य बोलू शकत नव्हता.

२ नोव्हेंबरला बुश २८६, केरी २५१ ‘इलेक्टोरल’ मतं, म्हणजे राज्याराज्यांच्या वाट्याची ती मतं, ज्यांनी अध्यक्ष ठरतो. लोकांच्या मतांत ५०.७ विरुद्ध ४८.३ टक्के. ओहायोत अंतर सुमारे १ लाख १८ हजार. तिथली २० इलेक्टोरल मतं फिरली असती तर अध्यक्ष केरी झाले असते. म्हणजे तो ‘ओहायोतला माणूस’ खरोखरच निर्णायक ठरला, फक्त त्याने पदकांकडे पाहून मत दिलं नाही. मतदानोत्तर चाचण्यांनुसार देशभरातल्या माजी सैनिकांतही बुश यांनाच स्पष्ट आघाडी होती. त्याच दिवशी ओहायोसह ११ राज्यांत समलिंगी विवाहाविरुद्धच्या घटनादुरुस्त्या मतदानाला होत्या आणि सगळ्या मंजूर झाल्या.

आता अवघड भाग. केरी हरले म्हणून आयोवाचा अंदाज चुकला, असं म्हणता येतं का? मी म्हणणार नाही. डीन उभे असते तर काय झालं असतं, हे आपण परत खेळून पाहू शकत नाही. शिवाय पदावरच्या अध्यक्षाला हरवणं मुळात अवघड. त्याआधीच्या पाऊणशे वर्षांत हूव्हर, फोर्ड, कार्टर आणि थोरले बुश एवढेच हरले. राज्यशास्त्रज्ञांचे अर्थव्यवस्थेवर आणि अध्यक्षाच्या लोकप्रियतेवर बेतलेले अंदाज बहुतांशी बुश यांच्याच बाजूने होते, आणि त्यांत समोर कोण उभा आहे याला फारसा भाव नव्हता. केरींनी तिन्ही वादविवादांत बाजी मारली असं बहुतेकांचं मत होतं. कदाचित जो कोणी उभा राहिला असता तो ४७-४९ च्या घरातच अडकला असता. मग जानेवारीतली सगळी काथ्याकूट एक-दोन टक्क्यांसाठी होती, आणि एक-दोन टक्केच कमी पडले.

माझा आक्षेप निवडीवर नाही, ती ज्या पद्धतीने झाली त्यावर आहे. उमेदवाराच्या जमेच्या बाजूला काय आहे, हे विचारलं गेलं. समोरचा त्याचं काय करेल आणि मग हा माणूस काय बोलेल, हे विचारलं गेलं नाही. डीन यांच्या बाबतीत मात्र नेमकं तेच विचारलं गेलं. एकाची परीक्षा शत्रूच्या नजरेने झाली आणि दुसऱ्याची मामाच्या.

२०२० मध्ये हाच प्रश्न, या खेपेस ट्रम्प यांच्याबद्दल, परत आला आणि या वेळी उत्तर ‘बरोबर’ निघालं. जो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात जिंकले आणि पक्ष काही दिवसांत त्यांच्यामागे उभा राहिला. नोव्हेंबरमध्ये ३०६ इलेक्टोरल मतं. पण अ‍ॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली त्यांची आघाडी एकत्र केली तरी ती ४३ हजारांच्या आसपास भरते. एवढीशी आघाडी फिरली असती तर आज बायडन यांची निवडही केरींच्या रांगेत बसवून आपण डोकं हलवत असतो.

बॉस्टनच्या त्याच अधिवेशनात, २७ जुलै २००४ च्या रात्री, मुख्य भाषण इलिनॉयच्या एका तरुण राज्य सिनेटरचं होतं. बराक हुसेन ओबामा. त्या नावाचा माणूस अध्यक्ष होईल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर सभ्य माणसांनी हसून विषय बदलला असता. जानेवारी २००८ मध्ये आयोवाच्या त्याच जिममध्ये, त्याच तळघरांत लोक पुन्हा कोपरे धरून उभे राहिले. अनुभवी, पारखलेला, निवडून येणारा उमेदवार म्हणून या वेळी हिलरी क्लिंटन यांच्याकडे बोट दाखवलं जात होतं. ओबामांना ३८ टक्के मिळाले, केरींना मिळाले होते तेवढेच. आठवडाभरातच, १० जानेवारीला, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये केरी त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी ओबामांना पाठिंबा जाहीर केला.